घरासाठी कॉर्डलेस ड्रिल घेताय? व्होल्ट नंतर, आधी भिंत बघा!

ऑनलाइन सेल सुरू झाला की फोनवर कॉर्डलेस ड्रिलच्या जाहिराती हमखास दिसू लागतात. प्लॅस्टिकची पेटी, दोन बॅटऱ्या, सोबत ढीगभर बिट्स आणि किंमत दीड-दोन हजारांपासून पुढे. नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या किंवा भाड्याच्या खोलीत स्वतःच दोन फळ्या ठोकू पाहणाऱ्या मित्रमंडळींकडून मला एकच प्रश्न येतो : "१२ व्होल्टचं घेऊ की २१ व्होल्टचं?"

मी उलट विचारतो, "भोक कुठे पाडायचंय?" कारण बजेट कॉर्डलेस ड्रिल काही कामांसाठी अप्रतिम आहे आणि काही कामांसाठी साफ निरुपयोगी, आणि हे ठरतं व्होल्टवर नाही, तुमच्या भिंतीवर. यूट्यूबवरचे बरेचसे परदेशी रिव्ह्यू बघून आपली इथेच फसगत होते. अमेरिकेत घराच्या आतल्या भिंती सहसा लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड लावून केलेल्या असतात. त्यात ड्रिल लोण्यात सुरी गेल्यासारखं जातं. तेच मशीन पुण्यातल्या एखाद्या बीमवर लावा, मग बघा.

तुमची भिंत कोणती?

सगळ्यात सोपी केस म्हणजे लाल विटांची, सिमेंट प्लास्टर केलेली भिंत. जुन्या सोसायट्या, चाळी, गावातली पक्की घरं यांत बहुतेक हीच असते. हॅमरची सोय असलेलं साधं १२ व्होल्टचं ड्रिलसुद्धा इथे ६ मिमीचं भोक आरामात पाडतं. कोकण-गोव्यात चिऱ्याची (जांभ्याची) घरं असतात. चिरा मऊ असतो, बऱ्याचदा हॅमर न लावताही काम होतं. उलट जोर केला तर कडेचे कपचे निघतात. देशावरच्या काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीत मात्र दगडाच्या नादाला लागू नका. दोन दगडांच्या सांध्यात भोक पाडा आणि तिथे हलकंच काहीतरी टांगा.

गेल्या काही वर्षांतल्या इमारतींमध्ये विटांऐवजी पांढरट-करड्या रंगाचे एएसी ब्लॉक वापरलेले दिसतात. हे ब्लॉक आतून सच्छिद्र आणि हलके असतात. यात हॅमर बंदच ठेवायचा. चालू ठेवलात तर भोक ऐसपैस होतं, गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीत बसवतात तो प्लॅस्टिकचा प्लग) आतल्या आत गोल फिरते आणि स्क्रू कधीच घट्ट बसत नाही. टीव्ही किंवा गिझरसारखं वजन असेल तर एएसीसाठीच बनवलेले वेगळे प्लग मिळतात, तेच घ्या.

आता खरी परीक्षा : आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट. कॉलम, बीम, स्लॅब हे सगळं आरसीसीचं. आपल्याकडच्या काँक्रीटमध्ये खडी बहुतेक ठिकाणी काळ्या दगडाची असते. बिट प्लास्टरमधून सटकन आत जातं, नंतर खडीला टेकतं आणि तिथेच गरगर फिरत बसतं. बजेट कॉर्डलेस ड्रिलची हद्द इथे संपते.

तुम्ही म्हणाल, मला कुठे कॉलममध्ये भोक पाडायचंय? तर पडद्याचा रॉड आठवा. नवीन घरात ड्रिलचं पहिलं काम बहुतेक तेच असतं. रॉड लागतो खिडकीच्या वर, आणि खिडकीच्या वर बहुतेक घरांत लिंटेल असतो, म्हणजे आरसीसीची आडवी पट्टी किंवा थेट बीम. कपडे वाळत घालायचा, दोरीने वर-खाली होणारा स्टँड लावायचा असेल तर तो स्लॅबला. म्हणजे भिंती विटांच्या असल्या तरी घरातली दोन नेहमीची कामं काँक्रीटमध्येच येतात. "इतका रिव्ह्यू चांगला होता, पण माझ्याकडे चालतच नाही" अशा तक्रारीत बऱ्याचदा ड्रिल बिघडलेलं नसतं, भोक लिंटेलमध्ये चाललेलं असतं. एक पर्याय सांगतो : लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना थोडाच पुढे गेलेला असतो. रॉड जरा लांब घेऊन ब्रॅकेट त्याच्या टोकाबाहेर सरकवता आला तर कदाचित वीट लागेल.

शिवाय पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच नव्या टॉवर्समध्ये भिंती विटांच्या नसतातच. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटने ओततात. साइटवर याला 'मिवान' म्हणतात. अशा फ्लॅटमध्ये फोटोफ्रेमचा खिळासुद्धा काँक्रीटमध्येच जाणार. घर घेताना किंवा भाड्याने घेताना इमारत मिवानची आहे का, हे एकदा विचारून ठेवा.

ओळखायचं कसं? पुडीवरून. दाराआड, दिसणार नाही अशा जागी एक छोटं भोक घ्या. आधी प्लास्टरची करडी पूड येईल. नंतर लाल पूड आली की वीट, तांबूस आणि जाडसर आली की चिरा, फिकट आणि मऊ पिठासारखी आली की एएसी. करडी पूड येत राहिली आणि बिट पुढे सरकेना, तर काँक्रीट. कोणत्याही रिव्ह्यूपेक्षा ही चिमूटभर पूड जास्त खरं सांगते.

हॅमर, इम्पॅक्ट आणि नावांचा घोळ

ड्रिल बिट नुसतं गोल फिरवतं. लाकूड, प्लायवूड, पत्रा यासाठी तेवढं पुरतं. भिंतीसाठी फिरण्याबरोबर पुढून ठोकेही लागतात. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि त्यांच्या उड्यांमुळे बिटला बारीक धक्के बसतात. चकतीला १५ दाते आणि वेग मिनिटाला १५०० फेरे असेल तर मिनिटाला २२,५०० ठोके. आकडा ऐकायला जबरदस्त आहे, पण प्रत्येक ठोका टिचकीएवढा. म्हणून विटेत चालतो, खडीपुढे दमतो.

रोटरी हॅमर हे वेगळं मशीन. त्यात पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतल्या हातोड्याला बिटवर आपटते. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका दणदणीत. तुम्हाला अंगाचा जोर लावावाच लागत नाही. याची बिट्सही वेगळी, मागच्या बाजूला खाचा असलेली. दुकानात 'एसडीएस' म्हणून मागायची. काँक्रीटसाठी हेच मशीन हवं.

घोळ 'इम्पॅक्ट' या शब्दाने होतो. इम्पॅक्ट ड्रिल म्हणजे आपलं भिंतीचं हॅमर ड्रिल. इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणजे स्क्रू पिळायचं मशीन. त्याचे झटके फिरण्याच्या दिशेने बसतात, भिंतीच्या दिशेने नाही. ऑनलाइन यादीत हे दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि 'इम्पॅक्ट' शब्द बघून लोक भिंतीसाठी ड्रायव्हर मागवतात. मॉडेलच्या नावावरून ओळखता येतं. बॉशच्या निळ्या मशीन्समध्ये जीएसबी म्हणजे हॅमरवालं, जीएसआर म्हणजे बिनहॅमरचं, जीबीएच म्हणजे रोटरी हॅमर. मकिताचं एचपी हॅमरवालं, डीएफ बिनहॅमरचं, टीडी इम्पॅक्ट ड्रायव्हर. नाव लक्षात राहत नसेल तर मशीनच्या पुढच्या कड्यावर हातोडीचं चित्र आहे का बघा. नसेल तर ते भिंतीसाठी नाही.

१२, २१, ४८ व्होल्ट : आकड्यांमागे काय आहे

१९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने पहिलं कॉर्डलेस ड्रिल आणलं तेव्हा त्यात निकेल-कॅडमियम बॅटऱ्या होत्या. आता सगळीकडे लिथियम-आयन, म्हणजे तुमच्या फोनमध्ये आहे त्याच जातीची. एका सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. आता हिशोब करा. तीन सेल जोडले तर १०.८ व्होल्ट, पूर्ण चार्जला १२.६, हे झालं '१२ व्होल्ट'. पाच सेल जोडले तर १८ व्होल्ट, पूर्ण चार्जला २१. म्हणजे एका कंपनीचं १८ व्होल्ट, दुसरीचं '२० व्होल्ट मॅक्स' आणि तिसरीचं २१ व्होल्ट ही तिन्ही मशीन्स एकच! फरक फक्त छापण्यात.

मग बिननावाच्या मशीनवर '४८ व्हीएफ' किंवा '८८ व्हीएफ' असतं ते काय? खऱ्या ४८ व्होल्टसाठी किमान १३ सेल एका ओळीत लागतील, आणि ते त्या एवढ्याशा बॅटरीत मावणार नाहीत. 'व्हीएफ' हा नुसता सजावटीचा आकडा समजा. खरं बघायचं असेल तर चार्जरचा फोटो मोठा करून त्यावरचं आउटपुट वाचा. १२.६ व्होल्ट असेल तर आत तीन सेल, १६.८ असेल तर चार, २१ असेल तर पाच. बाहेर काहीही छापलेलं असो, चार्जर खरं बोलतो.

एमएएचचंही तसंच. १८६५० या नेहमीच्या आकाराच्या एका सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या पुढे जात नाही. सेल एकामागे एक जोडले की व्होल्ट वाढतात, एमएएच नाही. त्यामुळे हाताच्या मुठीएवढ्या पाच सेलच्या बॅटरीवर '६००० एमएएच' लिहिलेलं असेल तर पुढे स्क्रोल करा.

तुलना करायची तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करा, म्हणजे वॉट-अवर मिळतात. १८ व्होल्ट, १.५ अँपिअर-अवर : २७ वॉट-अवर. १०.८ व्होल्ट, १.५ अँपिअर-अवर : जेमतेम १६. आणि तुमच्या ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९! म्हणजे १२ व्होल्टच्या ड्रिलमध्ये फोनपेक्षाही कमी ऊर्जा असू शकते, आणि तेवढ्यावर आपण भिंत फोडायची अपेक्षा करतो. म्हणूनच दोन बॅटऱ्या असलेला किट घ्यावा असं मी सांगतो.

ऑनलाइन घेताना आणखी एक गोष्ट. किंमत संशयास्पद कमी असेल तर 'सोलो', 'बेअर टूल' किंवा 'बॉडी ओन्ली' असे शब्द शोधा. याचा अर्थ बॅटरी आणि चार्जर पेटीत नाहीत, आणि ते वेगळे घ्यायला गेलात तर कधीकधी मशीनपेक्षा महाग पडतात. दोन-चार वर्षांनी बॅटरी थकणारच आहे, तेव्हा तीच बॅटरी सुटी मिळते का, हे मशीन घेण्याआधीच त्याच साइटवर शोधून बघा. मिळत नसेल तर तुम्ही ड्रिल नाही, ड्रिलच्या आकाराचा भंगार घेताय. बॅटरीवर बीआयएसची खूण आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. आपण ही वस्तू घरात, रात्री, झोपलेले असताना चार्जिंगला लावणार असतो.

टॉर्क, क्लच, चक

यावर फार वेळ घालवू नका. टॉर्क म्हणजे पिळण्याची ताकद, न्यूटन मीटरमध्ये मोजतात. घरातल्या स्क्रूंसाठी २५ ते ३० पुरेसे. टॉर्क जास्त म्हणून काँक्रीट फुटत नाही, तिथे ठोका लागतो. ब्रशलेस मोटर चांगलीच, कमी तापते आणि त्याच बॅटरीवर जास्त वेळ चालते. पण वर्षाला वीस भोकं पाडणाऱ्याने त्यासाठी बजेट ताणायची गरज नाही. चक १० मिमीचा चालतो.

क्लच मात्र समजून घ्या. पुढच्या कड्यावर १, २, ३ असे आकडे असतात. ठरावीक जोर लागला की कड्-कड् आवाज करून क्लच सुटतो आणि स्क्रू पुढे पिळला जात नाही. ऑनलाइन मागवलेलं पार्टिकल बोर्डचं टेबल किंवा शू-रॅक जोडताना लहान आकड्यावरून सुरुवात करा आणि एकेक वाढवत जा. थेट ड्रिलच्या खुणेवर ठेवून स्क्रू पिळलात तर भुसा बाहेर येईल आणि ते भोक कायमचं ढिलं होईल.

बिट आणि गिट्टी

सोबत आलेल्या ढीगभर बिट्सना भुलू नका, बहुतेक पेटीतच गंजतात. भिंतीसाठी टोकाला कार्बाइडची टिकली असलेली चांगल्या कंपनीची ६ आणि ८ मिमीची दोन बिट्स हार्डवेअरच्या दुकानातून सुटी घ्या. भाल्याच्या टोकासारखं दिसणारं बिट टाइल्ससाठी. टाइलवर आधी मास्किंग टेप चिकटवा, हॅमर बंद, वेग कमी. टाइल पार झाल्यावरच हॅमर चालू. धातूचं बिट भिंतीत घातलंत तर मिनिटात त्याची धार जाते.

बिटचा आकार आणि गिट्टीचा आकार एकच हवा. ६ मिमीच्या गिट्टीला साधारण ४ ते ५ मिमी जाडीचा स्क्रू. किती खोल जायचं तिथे बिटवर टेपचा तुकडा गुंडाळा, आणि भोक झालं की आतली पूड फुंकून काढा (डोळे मिटून!). पूड राहिली तर गिट्टी पूर्ण आत जात नाही आणि आपण नाहक मशीनला शिव्या घालतो.

भिंतीतली वायर आणि फोनवरचं अ‍ॅप

स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली, नळाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही. वायरचे आणि पाण्याचे पाइप बहुतेक तिथूनच गेलेले असतात. फोनमध्ये 'मेटल डिटेक्टर' नावाची अ‍ॅप्स असतात. ती फोनमधल्या होकायंत्राच्या सेन्सरवर चालतात. हा सेन्सर लोखंड ओळखतो, त्यामुळे वरच्या थरातली सळई कधीकधी सापडतेही. पण वायर असते तांब्याची, आणि तांब्याला चुंबक ओळखत नाही. अ‍ॅप गप्प आहे म्हणजे आत वायर नाही, असं अजिबात धरू नका.

कॉर्डलेसचा मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा इथेच आहे : घराचा मेन स्विच बंद करून भोक पाडता येतं. वायरच्या मशीनला ते शक्य नाही. घराचं काम अजून चालू असेल तर प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवा. याहून चांगला डिटेक्टर बाजारात नाही.

मग घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे. कामं मुख्यतः फर्निचर जोडणं, बिजागऱ्या, प्लायवूड, गणपतीचं मखर आणि विटांच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीवर फ्रेम्स अशी असतील, तर नावाजलेल्या कंपनीचं १२ व्होल्टचं, हॅमर असलेलं, दोन बॅटऱ्यांचं किट घ्या. साधारण पाच ते सात हजार लागतील. वजन किलोभर, त्यामुळे स्टुलावर चढून एका हाताने धरता येतं. यापेक्षा दोन हजार वाचवून २१ व्होल्टचं बिननावाचं घ्यावं असं मला वाटत नाही.

पण मुख्य काम भिंतीत भोकं पाडणं हेच असेल आणि बजेट तीन हजारांच्या आत असेल, तर कॉर्डलेसचा मोह सोडा. ५००-६०० वॉटचं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल घ्या. दिसायला स्मार्ट नाही, वायर पायात येते, एक्स्टेन्शन बोर्ड लागतो. पण सॉकेटमधून ताकद अखंड येते, बॅटरी मरायचा प्रश्न नाही, आणि लिंटेलमध्ये ६ मिमीची दोन-चार भोकं घाम गाळून का होईना पाडता येतात. माझ्याकडे भिंतीसाठी हेच आहे आणि स्क्रूसाठी १२ व्होल्टचं. तेराशे रुपयांना दोन्ही कामं करणारं मशीन कुणी दाखवलं तर मी त्याच्याकडून ते मागच्या भिंतीवर चालवून घेईन.

मिवानच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर काहीच विकत घेऊ नका. सगळ्या भोकांच्या जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा आणि एकाच दिवशी रोटरी हॅमरवाल्याला बोलवा, किंवा हार्डवेअरच्या दुकानात मशीन दिवसाच्या भाड्याने मिळतं का विचारा. बऱ्याच ठिकाणी डिपॉझिट ठेवून देतात. सोसायटीत ड्रिलिंगची वेळ ठरलेली असते, ती आधी वॉचमनकाकांना विचारून घ्या. आणि घर भाड्याचं असेल तर मालकांना आधी व्हॉट्सॲपवर विचारा, तोंडी नको. डिपॉझिटमधून पैसे कापायची वेळ येते तेव्हा तो मेसेज कामाला येतो.

बॅटरीची काळजी

ड्रिल महिनोन्महिने पडून राहतं आणि तेच बॅटरीला मारतं. पूर्ण रिकामी करून ठेवू नका, शंभर टक्के भरूनही नको. निम्म्याच्या आसपास असताना मशीनमधून काढून पेटीत ठेवा. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर नको. चार्जिंगला लावायची ती तिच्याच चार्जरने. पिन बसते म्हणून राउटरचा अ‍ॅडॉप्टर लावू नका. फुगलेली किंवा विचित्र वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. दोन-तीन महिन्यांतून एकदा थोडी चार्ज करत राहा. आणि वर्षातून एकदाच, मखरासाठी, ड्रिल बाहेर काढणाऱ्यांनी श्रावणातच बॅटरी लावून बघावी, म्हणजे मेलेली निघाली तर नवीन मागवायला हाताशी वेळ राहतो.